हळ्ळीखेडच्या टेपवरचा अर्धा डेमो

पुण्यात माझ्या छंदाला भंगार म्हणतात. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवर कीं कीं आवाजात भरलेले प्रोग्राम घेणारे जुने घरगुती संगणक मी जमवतो. त्यातला एक पिशवीत घालून मार्चमध्ये कर्नाटकात, बिदरकडच्या हळ्ळीखेडला निघालो. तिथं माझ्या मित्राची, बसूची, कॅसेट होती. अशी कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याच टेपवर नीट चालते, म्हणून टेप मागवण्यापेक्षा मीच गेलेलं बरं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघं त्याच्या घरी डेमो करायचो. डेमो म्हणजे गेम नव्हे. चिमुकल्या मशीनकडून चित्र आणि संगीत करवून घेऊन आपली करामत दाखवायची. शेवटी सरकत्या ओळीत इतर डेमोवाल्यांना नमस्कार करायचा, ही परदेशातल्या पोरांची रीत. आम्हाला दुसरा डेमोवाला माहीतच नव्हता. मी नोकरीला पुण्यात आलो तेव्हा डेमो अर्धवट होता. पुढं एसटीडी बूथवरून बसूचा फोन आला, "पुरा झाला बघ. नमस्कार टाकलाय शेवटी. कुणाला ते इथं येऊन बघ." माझं जाणं राहिलं. तो मस्कतला कामाला गेला आणि तिथंच अपघातात वारला. कुणाला नमस्कार, एवढं मला बघायचं होतं.

हैदराबादच्या रात्रीच्या गाडीनं सकाळी हुमनाबादला उतरलो. स्टँडसमोर सुसला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, आणि मिरची भजी झकास मिळतात, पोटभर खाऊन घ्या. पुढं बिदरकडे जाणारी लाल गाडी हळ्ळीखेडला थांबते.

"हे काय, पेटी हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"जुना कंप्युटर."

"मग टीव्ही कुठाय त्याचा?"

"ज्यांच्याकडं चाललोय त्यांचा लावणार."

"मग त्यांनी काय बघावं?" म्हणत तो पुढं गेला.

बसूची आई, आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो, घरी एकटीच असते. "एवढ्या उन्हात कामून आलास रे संजू?" म्हणाली आणि आधी भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी वाढली. टेप देवाजवळ होता. भजनं ऐकून ऐकून तिनं तो चालू ठेवला होता. दुपारी लाईट जाते, म्हणून जेवण होताच मशीन जोडलं.

पहिला भाग मशीनवर चढला. पडद्यावर हुमनाबादचं स्टँड उमटलं, मी काढलेलं. त्यावर बसूचं संगीत. मला एकदम रडू आलं. दुसरा भाग सुरू झाला, प्रोग्राम चढताना पडद्याच्या कडेला दिसतात त्या पट्ट्या दोन क्षण हलल्या आणि विझल्या. मशीननं चूक दाखवली. टेप फिरतच होता. मी टेपला मशीनशी जोडणारी पिन ओढली, तर टेपच्या स्पीकरमधून अव्वाचाच आवाज आला.

"बसू, जेवलास का रे? इकडं सगळं बरं हाय. संजूला फोन लावत जा. एकटाच हाय ते तिकडं, त्याला कोण हाय?"

अव्वा दारात उभी राहून ऐकत होती. "बसूला मस्कतला पाठवायला आवाज भरला होता. नेणारा माणूस आदल्या दिवशीच गेला," ती म्हणाली. "त्यात नुसतं कीं कीं वाजायलं होतं. मला वाटलं रीळच सडलं. तुमचं काही पुसलं का मी?"

"न्हाई अव्वा. सगळं हाय."

पहिला भाग लॅपटॉपवर उतरवून घेतला. तिचा आवाज घेतला नाही, तो बसूसाठी होता. कॅसेट देवाजवळ ठेवून संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

पुण्यात येऊन पहिला भाग जुन्या मशीनवाल्यांच्या एका साइटवर टाकला. बरेच दिवस कुणी काही बोललं नाही. मग पोलंडच्या एका माणसानं विचारलं, "नमस्कार कुठं आहेत?" पुसले गेले, असं उत्तर लिहिलं. घड्याळात दुपारचे तीन वाजून गेले होते आणि मी जेवलो नव्हतो. उठून एकट्याचं ताट वाढून घेतलं.