फौजदाराची हजामत

मी आयुष्यात एकाच फौजदाराची हजामत केली आहे, आणि तीही त्याला न विचारता.

(घाबरू नका. फौजदार हे कुत्र्याचं नाव आहे. खात्यातल्या कुणाच्या केसाला हात लावायची माझी छाती नाही.)

आधी माझी ओळख करून देतो. मी गायकवाड, रिटायर्ड फिटर, मुक्काम चिखलोली. इथे स्टेशन होणार म्हणून आम्ही नवरा-बायकोने अंबरनाथची खोली विकून तळमजल्यावर फ्लॅट घेतला. स्टेशन अजून व्हायचंय. सुमन मात्र चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी पल्लवी बंगळूरला असते, दर रविवारी फोन करते. उरलेले सहा दिवस मी टीव्हीशी बोलतो, पण तो आपलंच खरं करतो.

आमच्या बिल्डिंगमागे अजून थोडी शेतं शिल्लक आहेत. भातकापणी झाली की घाट उतरून मेंढपाळ येतात आणि खतासाठी तिथे मेंढरं बसवतात. त्यातल्या हिराबाई माझ्या नळावर पाणी भरायला येत. यंदा माघात त्यांच्या फौजदाराला एका मोटरसायकलवाल्याने उडवलं. मागचा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि चालायला बंदी केली. कळप तर रोज हलणार!

"मामा, पाय बरा हुईस्तोवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," हिराबाई म्हणाल्या. "मिरगाच्या आदी वर जाताना न्हेतो."

"राहू दे की! मला कसला त्रास?" मी म्हणालो. हे मी इतक्या घाईने म्हणालो, की त्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं.

फौजदार म्हणजे अंगभर काथ्यासारखे राठ केस. भुवया डोळ्यांवर, दाढी पाण्याच्या भांड्यात. त्या केसांत कुसळं, गोखरू, गोचिडी आणि (एकदा) अर्धं पारले बिस्कीट असा सगळा संसार होता. मेंढरं राखणं हे त्याचं पिढीजात काम. माझ्याकडे मेंढरं नव्हती, म्हणून त्याने मला राखायला घेतलं. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत निघालो की तो लंगडत आडवा यायचा आणि मला ढोसत ढोसत खुर्चीपर्यंत परत आणायचा. संडासला गेलो तर दाराबाहेर पहारा. जरा उशीर झाला की भुंकून हजेरी!

तुम्ही हसाल. पण चार वर्षांत मी कुठे उठलो, कुठे बसलो, याची कुणी दखल घेतली नव्हती. मला त्या कुत्र्याचा फार लळा लागला. मे महिना अर्धा सरला. प्लास्टर कधीच निघालं होतं आणि मिरग जवळ येत होता. शेवटी मनाशी ठरवलं, हिराबाईंकडे हा कुत्रा मागायचा. आरशासमोर तालीमही केली. "हिराबाई, याला इथंच राहू द्या." एवढं एक वाक्य! पण ते म्हणताना माझा आवाज दरवेळी वेगळ्याच ठिकाणी फाटायचा.

मग विचार केला, आधी काम दाखवावं, मग तोंड उघडावं. कुत्रा असा देखणा करून ठेवायचा, की बाई बघताक्षणी म्हणतील, मामांसारखी निगा दुसरं कोण राखणार!

रविवारी पल्लवीला विचारलं.

"बाबा, असल्या राठ केसांना मशीन अजिबात लावायची नाही हां. मेलेले केस बोटांनी उपटायचे असतात. थोडे थोडे. सैल झालेले असतात, दुखत नाही त्याला."

"किती दिवस लागतील?"

"लागू देत की. तुम्हाला कुठे जायचंय?"

तिने हे सहज म्हटलं. मीही सहज ऐकल्यासारखं केलं आणि फोन ठेवून चटई शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत चटई अंथरली. कपाटातून सुमनची फणी काढली. (कंगवे दोन मोडले होते. फणी वापरताना मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. ती असती तर फणी राहू दे, आधी मलाच गॅलरीत झोपवलं असतं.) आधी फणीने गुंता सोडवायचा, मग चिमटीत चार केस धरून हलकेच ओढायचे. खरंच सहज निघायचे! खालून नवे, काळेभोर, दाट केस दिसायला लागले. फौजदार डोळे मिटून पडून राहायचा आणि मी त्याला कारखान्यातल्या गोष्टी सांगायचो. सुमन शेवटी दवाखान्यात होती ते दिवसही सांगितले, जे मी पल्लवीलासुद्धा धड सांगितलेले नाहीत. तीन दिवसांत उजवी बाजू पूर्ण झाली. असे तीन दिवस मला गेल्या चार वर्षांत मिळाले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"मामा, उद्या सकाळी येतोय न्ह्यायला! यंदा लवकर वर चाललोय."

मी फौजदाराकडे बघितलं. उजवीकडून तो सरकारी अधिकारी दिसत होता आणि डावीकडून फरारी आरोपी. एका दिवसात डावी बाजू उपटून होणं शक्य नव्हतं. मी रिक्षा केली आणि थेट उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारला लच्छूभाईंचं सलूनच्या सामानाचं दुकान आहे. माझी त्यांची तीस वर्षांची ओळख.

"कुत्ते के लिए?" लच्छूभाई म्हणाले. "अरे साईं, ये मशीन तो घोडे का भी बाल काटेगा! पण एक ध्यान रखना गायकवाड साहेब, ये चार नंबर का क्लिप आहे ना, ये निकालना नहीं. बिलकुल निकालना नहीं!"

(क्लिप म्हणजे पातं कातडीला भिडू नये म्हणून त्यावर बसवलेला प्लास्टिकचा कंगवा. आमच्या भाषेत गार्ड.) आता माझा स्वभाव सांगायला हवा. मशीनवरचा गार्ड काढून काम करायची मला चाळीस वर्षांची खोड. त्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, एक नख घालवलं, पण खोड गेली नाही. घरी येऊन मशीन लावली. दोन मिनिटांत क्लिपमध्ये केस अडकले आणि मशीन घरघरायला लागली. माझ्यातला फिटर जागा झाला. "गार्डनेच अडतंय!" असं मोठ्याने म्हणून मी क्लिप उपसून काढली आणि मानेपासून शेपटीपर्यंत एक झक्कास हात मारला.

फौजदाराच्या पाठीवर रस्ता तयार झाला! आमच्या सोसायटीसमोर नाही इतका सरळ आणि गुळगुळीत. तळाशी गुलाबी-करडं कातडं दिसत होतं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण फिटरला दोन बाजू सारख्या लागतात! रस्त्याच्या डावीकडे थोडं काढलं, तर उजवीकडे उंचवटा दिसायला लागला. उजवीकडचं काढलं, तर डावीकडे. तीन दिवस खपून बोटांनी घडवलेली ती उजवी बाजू मी माझ्याच हाताने दहा मिनिटांत सपाट केली. पोट झालं, पाय झाले, मानेशी पोचलो आणि मशीनचं चार्जिंग संपलं! आता पुढून भरगच्च दाढी-भुवयांचा रुबाबदार फौजदार, आणि मानेच्या मागे सोललेलं कायतरी.

त्याने एकदा वळून स्वतःकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पलंगाखाली गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही. मी गॅलरीत गेलो, तरी मला परत आणायला आला नाही! त्या दिवशी मी घरात कुठेही मोकळा फिरू शकत होतो आणि मला तेच सहन होईना.

सकाळी ऊन लागू नये म्हणून त्याला माझा बनियन घातला. पुढचे पाय बाह्यांतून बरोबर बसले. मग त्याला घेऊन दारासमोर उभा राहिलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी गेटमधून डोकावल्या. "काका, कुत्रा सोडून शेळी पाळलीत? छान! दूध किती देते?"

मी उत्तर देणार, तोच त्यांच्या मागे घुंगरं वाजली. हिराबाई घोड्याचा लगाम धरून आल्या होत्या. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आम्हा दोघांच्या अंगात सारखाच बनियन होता.

"ह्यो कोन?"

"फौजदार," मी म्हणालो.

"आन् बाकीचा कुटं हाय?"

मी गॅलरीतलं केसांनी भरलेलं पोतं दाखवलं. हिराबाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या हसताहेत तेवढ्यात मी हिंमत केली. आरशासमोर घोकलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "हिराबाई, याला इथंच राहू द्या. मला फार एकटं वाटतं हो."

दुसरं वाक्य तालमीत नव्हतं. ते आपसूक आलं.

हिराबाईंचं हसू थांबलं. "मामा, आमी त्याला तुमच्यापाशी सोडूनच जानार व्हतो. फोनवर तुमीच म्हनला न्हवं, पाय अजून तिरका पडतोय? घाट काय त्याला झेपायचा न्हाय. राती ठरलं आमचं. म्हनलं, मामा एकलेच असत्यात, तेवढीच सोबत व्हईल."

"मग झालं तर!" मी टाळीच वाजवली.

"झालं कसं? चार म्हयन्यांत ह्याचं क्यास घालवलंसा. सालभर ठिवला तर कातडं तरी ऱ्हाईल का अंगावर?"

मी खूप विनवण्या केल्या. क्लिपचा खुलासा केला. गार्ड या विषयावर आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप व्यक्त केला. उपयोग झाला नाही. हिराबाईंनी फौजदाराला उचलून घोड्यावर, कोकरांच्या शेजारी बसवलं.

"क्यास आलं की पुढल्या साली आनून दावते," त्या म्हणाल्या. "तवर जरा हात आवरा, मामा."

फौजदार घोड्यावर बसून, माझा बनियन घालून बदलापूरच्या दिशेने गेला. वळणापर्यंत तो मागे बघून माझ्यावर भुंकत होता. मी कळपातून मागे राहिलो होतो आणि त्याचं काम अर्धवट सुटलं होतं. मी गेटाशी उभा राहिलो, कारण आत ढोसत न्यायला कुणी नव्हतं.

मशीन मी चार्ज करून ठेवली आहे. आता घरात भादरायला एकच डोकं उरलंय, आणि ते गेली वीस वर्षं तुळतुळीत आहे.