लिव्हरला कल्हई

इतवारी बाजारातले भांड्यांचे दुकानदार भांडेमामा माणसाच्या पोटावर टिचकी मारून तब्येत सांगायचे. पाण्याच्या पितळी गुंडाला चीर गेली आहे की नाही हे ते नुसत्या आवाजावरून ओळखत, आणि माणूस म्हणजे हातपाय फुटलेलं भांडंच, अशी त्यांची पक्की समजूत होती. समोरच माझं कापडाचं दुकान, त्यामुळे माझं पोट रोज वाजे. एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याचं पोट वाजवून त्यांनी भर बाजारात निदान केलं, "पोकळ आहे गा!" हातगाड्या थांबल्या, टेम्पोवाले खिदळले आणि त्या गड्याचं डिपॉझिट जप्त झालं. डिपॉझिटचं मी जोडलं असेल. पण मामांबद्दल थोडं जोडल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही.

अशा या धन्वंतरीला स्वतःच्या पोटातलं मात्र वर्षभर कळलं नाही. शौचातून रक्त जायचं. "सावजी रस्सा बाधला," म्हणून मामा मोकळे. एक रस्सा वर्षभर बाधतो, हे वैद्यकशास्त्राला त्यांनीच शिकवलं! शेवटी मामींनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि मामा जणू स्वतःच सगळं कापून-शिवून आल्यासारखे छाती काढून गल्लीत फिरू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मामा, मामी आणि मी अशा आम्हा तिघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. "आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं. एखादी पेशी सुटून राहिली असेल, तर ती बहुतेक तिथेच जाऊन बसते. दारूने लिव्हर सुजलेलं असलं की तिला तिथे पाय रोवणं सोपं जाऊ शकतं. आणि पुढेमागे तिथे गाठ निघालीच, तर ती कापायला बाकीचं लिव्हर धड लागतं. म्हणून दारू बंद."

"बंद केली तर येणार नाही, याची ग्यारंटी?" मामांनी विचारलं.

"ग्यारंटी नाही. धोका आपण होऊन वाढवू नका, एवढंच."

बाहेर येताच मामा माझ्या कानाशी लागले. "पाहिलं बे? पाचशेच्या कुकरले ग्यारंटी असते, अन् या बाई मले बिनग्यारंटीचं विकून राहिल्या!"

मग सुरू झालं मामांचं संशोधन. सावनेरकडून कुणीतरी पाण्याच्या बाटलीतून मोहाची दारू आणून देई. "फुलाची आहे गा. शाकाहारी." मामांच्या दुकानामागच्या खोलीत मामा, मी आणि बाजारातले आणखी दोघे असे आम्ही चौघे शेव-फुटाणे घेऊन बसायचो आणि मामा प्रवचन झोडायचे. "पितळेच्या भांड्याले कल्हई कशी करतात? आधी तापवायचा, मंग नवसागर टाकायचा. धूर निघाला का समजायचं, कळकट जळालं. ही घशाखाली जळत जाते ना, ते लिव्हरले कल्हई होऊन राहिली. आता कोण कॅन्सर चिकटते तिथं?" तीस वर्षं भांडी विकून या माणसाने एवढी अक्कल कमावली होती! आणि त्याच्याहून मोठे गाढव आम्ही, कारण आम्ही टाळ्या देत होतो. सगळ्यात मोठ्याने मी. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मीठमसाला लावून सबंध इतवारीभर मीच वाटायचो.

वाटत वाटत ती हुडकेश्वरला, मामांच्या घरी पोचली. मामी दुकानात आल्या. "भाऊ, यायले तुम्हीच सांगा जी. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

मी म्हणालो, "मामी, मरणाच्या दारातून आलेला माणूस. दोन घोट घेऊ द्या." वर हसलोही. मामी दुकानाच्या पायऱ्या उतरून गेल्या.

पुढच्या तपासणीत लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. दोनच. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली. "एरवी या काढता आल्या असत्या. पण बाकीचं लिव्हर दारूने कडक झालंय. कापणं त्याला झेपणार नाही."

"दारूनंच गेला का कॅन्सर तिकडे?" मामांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"ते मला छातीठोक सांगता येणार नाही. पण काढता येत नाही, ते दारूमुळेच."

शेवटचे दोन महिने मामा हुडकेश्वरच्या घरी पडून होते. डोळे हळदीसारखे, पोट पाण्याने फुगलेलं. एका दुपारी मी नेहमीप्रमाणे बाजारातल्या गमती सांगत होतो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"त्या बाई सांगत होत्या तवा तू बाजूलेच बसला होता न बे? तुले समजलं होतं न सारं?"

"हो."

"मंग मी बकून राहिलो होतो, तवा काहून हासत होता?"

मी उशाजवळचा पाण्याचा पेला उचलून त्यांच्यापुढे केला. मामांनी तो घेतला नाही, कूस बदलली.

मामा गेले. तेराव्या दिवशी, तेरवीला, पंगती उठल्या आणि आमची उरलेली दोन टाळकी मला खुणावत गच्चीवर निघाली. एकाच्या पिशवीत बाटली होती. "चाल, मामाच्या आत्म्याले शांती म्हणून एक-एक." मरणाऱ्याला ज्याने नेलं त्याचाच नैवेद्य दाखवणारी ही अवलाद, आणि गेली दहा वर्षं मी तिचा पुढारी!

मी जिन्याच्या खालीच थांबलो.

"काहून गा? घाबरला का?"

"हाव," मी म्हणालो, "घाबरलो." आणि मागच्या अंगणात जाऊन, मामींच्या शेजारी बसून पंगतीची भांडी घासायला घेतली.