मे महिन्यातली मम्मी

“ही माझी मम्मी नाही! मिस, हिला जायला सांगा!” सात वर्षांची रूथ अशी किंचाळली, की ठाण्याच्या खाडीतले बगळे घाबरून थेट दिवा स्टेशनवर जाऊन बसले असतील.

परवा कपाट उघडलं, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि ती किंकाळी पुन्हा कानात शिरली. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या निवासी शाळेत मी तेव्हा मराठी शिकवायचे. आईवडील दूर डोंगरातल्या गावांत प्रभूचं काम करायचे आणि मुलांना भेटायला फक्त मे महिन्यात यायचे.

रूथची आई समोर उभी होती. अंगावर ठेवणीतली साडी, तिला हाच वास. लेकीला भेटायचं म्हणूनच ती साडी वर्षातून एकदा बाहेर निघत असणार, हे मला आज कळतं. तेव्हा मी पोरीवरच डाफरले, “अगं, नीट बघ! आई आहे तुझी!”

रूथनं माझा पदर घट्ट धरला. “माझी मम्मी तुम्हीच.”

 मला तिच्या आईकडे बघायची हिंमत होईना.

तिनं हातातला डबा खाली ठेवला.

“असू दे, मिस,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी स्वयंपाकाच्या मावशींना मम्मी म्हणाली होती.”