निळ्या दिव्याची आरती

करोनानंतर देवळं पुन्हा उघडली तेव्हा भिसेगावातल्या आमच्या देवळासाठी माझ्या नवऱ्याने जंतू मारायचा निळा दिवा आणला. सगळ्यांचे हात लागतात त्या कठड्यापाशी तो लावून ठेवायचा, दारं बंद करायची, आत कुणी थांबायचं नाही. डोळ्यांना वाईट असतो, हे ह्यांनी घरोघर सांगितलं. मला मात्र पहिल्या दिवसापासून चैन नव्हतं. देवासमोरचा दिवा वाईट, हे कुणाच्या गळी उतरणार?

आणि झालंच तसं! ह्यांच्या आत्या देवाचे हार करतात, म्हणून मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यावर सगळा कारभार. एके सकाळी मी त्यांना हाक मारायला गेले, तर बाई दिव्यापुढे वाकलेल्या. तळवे दिव्यावर धरायच्या, डोळ्यांना लावायच्या, परत धरायच्या. चक्क आरती घेत होत्या!

"अहो आत्या, सरका!" मी बटण बंद केलं.

"अगं, थंड हाय. भाजत नाय."

दुपारी डोळा लालभडक. "कुणी वाळू टाकलीय गं डोळ्यात," म्हणून कळवळायला लागल्या. कर्जतच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. म्हणाले, दिव्याने भाजलंय, बहुतेक बरं होईल, उद्या आणा. बहुतेक! त्या एका शब्दाने माझा जीव खाल्ला. घरी आत्या चाचपडत फुलं ओवत बसल्या, आणि मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. "निदान किल्ली तरी काढून घ्या."

"आत्यांकडे किल्ली मागू कशी?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आत्यांनी डोळ्याची उघडझाप केली, माझ्याकडे पाहिलं. "टिकली वाकडी लागलीय गं तुझी." मी डॉक्टरांसमोरच हमसून रडले.

पण घरी येईपर्यंत आत्यांचं ठरलं होतं. रिक्षातच म्हणाल्या, "आरती घेतली म्हणून डोळा राहिला." मी कपाळावर हात मारला. किती सांगितलं, ऐकतील तर शपथ.

पुढच्या सकाळी देवळामागे चपलांचा ढीग. चारपाच बायका, एकीच्या कडेवर चिपडं आलेल्या डोळ्यांचं तान्हं. तळवे कसे धरायचे ते आत्या दाखवत होत्या. ह्यांनी पुढचं दार लावून आत दिवा लावलेला, आणि आत्यांची किल्ली कुलपात फिरत होती.

मी धावले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर हात टाकला, मनगट धरून मागे खेचलं.

"देवाच्या दारात?" एवढंच म्हणाल्या, आणि त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिल्या.