खापरवाडीच्या तलावातलं जाळं

गयासोद्दीनचं तीर्थपुरीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण जीव सगळा पाण्यात. कुणाची मोटार विहिरीत पडली की लोक त्यालाच हाक मारायचे. शाळेपासूनचा त्याचा दोस्त भुजंग, तोही तसाच पट्टीचा पोहणारा. त्र्याण्णव साली नौदलातले पाणबुडे अण्णासाहेब रिटायर होऊन खापरवाडीच्या तलावाकाठी, आपल्या मळ्यात राहायला आले. सोबत हवेचे दोन जुने सिलिंडर होते. त्यांनी या दोघांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं.

पावसाळ्यात तलावाचं पाणी चहासारखं गढूळ, स्वतःचा हात दिसायचा नाही. दिवाळीनंतर गाळ बसला की दोन-तीन हातांवरचं दिसू लागे, पण तळाशी पाणी असं गार की दातावर दात वाजायचे. काठ बहुतेक चिखलाचा. उतरायला धड जागा दोनच, बांधाजवळचा दगडी घाट आणि पलीकडचा खडक.

अण्णासाहेबांचा नियम एकच होता. "जोडीनं उतरायचं, जोडीनंच वर यायचं. जोडीदाराला टाकून आलेल्यानं माझ्या सिलिंडरला परत हात लावायचा न्हाई."

त्या हिवाळ्यात दोघं घाटावरून उतरले ते बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती बघायला. एका भिंतीवर मासेमारीचं जुनं जाळं अडकलेलं होतं. गाळ उडाला आणि गयासच्या पाठीवरचं सिलिंडर त्यात गुंतलं. मागे हात पोचेना. चाकू एकच, तो भुजंगच्या पोटरीला बांधलेला. गयासनं हात हलवून खुणावलं. भुजंगच्या बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर पडला, जाळ्यावर गेला, क्षणभर तिथंच थांबला. मग वळला आणि वर निघून गेला.

मदत आणायला गेला असेल, असं धरून गयासनं वाट पाहिली. कुणी आलं नाही. शेवटी त्यानं पट्टे सोडले, सिलिंडर खालीच टाकलं आणि शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत वर आला. निघाला तो खडकाजवळ. धापा टाकत, बांधावरून चालत घाटावर आला, तर भुजंग टॉवेल गुंडाळून अण्णासाहेबांशेजारी बसलेला.

अण्णासाहेबांनी गयासच्या मोकळ्या पाठीकडं पाहिलं. "सिलिंडर टाकून खडकाकडं पळालास? जोडीदाराला खाली ठेवून?"

"मी न्हाई, अण्णासाहेब. मी जाळ्यात अडकलो होतो. हाच मला सोडून आला."

भुजंग खाली बघून म्हणाला, "घाबरला होता बिचारा. मी लई शोधलं त्याला."

"जाळं हाय खाली," गयास म्हणाला. "सिलिंडर काढा, बराबर कळंल."

दुसऱ्या दिवशी उरलेलं सिलिंडर घेऊन भुजंगच उतरला. बऱ्याच वेळानं वर आला. गयासचं सिलिंडर त्याच्या हातात होतं, स्वच्छ, एक धागाही न अडकलेलं.

"जाळं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"कुठलं जाळं?" भुजंग म्हणाला.

अण्णासाहेब उठून मळ्यात गेले. गयासशी ते परत बोलले नाहीत. घरी अकबरबीनं, त्याच्या बायकोनं, दोन-तीनदा विचारलं. त्यानं फक्त, "अब नहीं जाना उधर," एवढंच सांगितलं. पुढं अण्णासाहेबांच्या शब्दावर भुजंगला औरंगाबादेत बचाव पथकात नोकरी लागली.

पाच-सहा वर्षांनी भुजंग दुकानात आला. स्टुलावर बसला, चहा तसाच हातात धरून राहिला.

"गयास, मी भ्यालो होतो रे."

"ते मला तव्हाच कळलं होतं," गयास चाकाची तार आवळत म्हणाला. "बॅटरी वळली तव्हाच. माणूस भेतो. त्याचं मला काही न्हाई. पण दुसऱ्या दिवशी तू गेल्तास, तव्हा भ्यालेला नव्हतास. बसून जाळं कापलंस."

भुजंगनं गार झालेला चहा खाली ठेवला.

"अण्णासाहेब जालन्याला मस्तगडमधी लेकीकडं हायेत. त्यांना सांग. मला दुसरं काही नको."

"सांगतो," भुजंग म्हणाला. "याच आठवड्यात जातो."

तो गेला नाही. पुढच्या वर्षी अण्णासाहेब वारल्याची बातमी बाजारात कळली. गयास मिळेल त्या जीपनं जालन्याला गेला, गर्दीत मागं उभा राहिला. परतताना अण्णासाहेबांच्या लेकीनं त्याला पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "आपण कोण? बाबांनी शिकवलेल्यांपैकी का?"

आतल्या खोलीत भुजंग माणसांना सतरंज्या टाकून देत होता. गयासनं पाणी पिऊन तांब्या परत दिला.

"न्हाई," तो म्हणाला. "मी तीर्थपुरीचा. सायकलीचं दुकान हाय माझं."