थांबलेले आकडे

एका फेरीत संपेल असं एकही काम माझ्या साडूंनी जन्मात केलं नाही. घराला कुलूप लावून ते गल्लीच्या टोकापर्यंत जात, परतून कुलूप ओढून बघत. दुसऱ्या खेपेला अर्ध्या गल्लीतून परतत, तिसऱ्या खेपेला पायरीवरून. कुणी हसलं तर म्हणत, "अंतर कमी व्हायलंय न्हाई का?" अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा तापानं पडली तेव्हा त्यांनी वरण केलं. मीठ जास्त झालं म्हणून पाणी, पाणी जास्त झालं म्हणून मीठ, असं करत दोघांपुरतं वरण घागरीत गेलं आणि गल्ली दोन दिवस वरण जेवली.

मूळचे खजुरी गावचे हे गृहस्थ गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात गणित शिकवत. डॉक्टरेटसाठी त्यांनी चोवीस अज्ञात संख्यांची चोवीस समीकरणं घेतली होती. आधी अंदाजानं आकडे धरायचे, एकेका समीकरणातून ते सुधारायचे, सुधारलेले पुढच्यात घालायचे आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत फेऱ्या मारायच्या. हँडल फिरवून आकडेमोड करायच्या यंत्रावर हे चार वर्षं चाललं. अक्का मराठीत आकडे वाचायची. यांचं शिक्षण निजामाच्या शाळेतलं, म्हणून हे उर्दूत पुटपुटत हँडल फिरवायचे. डॉक्टरेट झाली की बढती, बढतीबरोबर क्वार्टर आणि क्वार्टरमध्ये नळ, हे अक्काला पाठ होतं.

आकडे एकदाचे थांबले. प्रबंध टाइप झाला, कापडी बांधणीही झाली. आणि सवयीप्रमाणे साडूंनी एकट्यानंच अजून एक फेरी मारली. फक्त चारऐवजी आठ दशांश धरून. थांबलेले आकडे मुंगीच्या चालीनं सरकू लागले. महिनाभरात दशांशचिन्हानंतरचा दुसरा अंकच बदलला. प्रत्येक फेरीतली सुधारणा इतकी बारीक होती, की चार दशांशांत ती दिसतच नव्हती.

विभागप्रमुखांच्या पदव्या नावापेक्षा लांब होत्या. ते म्हणाले, "समीकरणांत घालून बघितलं तर उत्तर बसतंय ना? परीक्षक काय हँडल फिरवत बसणार आहेत?"

"बसतंय, साहेब. पण ते उत्तर न्हाई. आकडे थांबले हुते, पोचले नव्हते."

प्रबंध परत घेऊन ते घरी आले. मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो.

"कामून आणलाव परत?" अक्का म्हणाली. "कुणाला कळणार हुतं?"

"मला कळलंय की."

अक्का दोन दिवस यंत्रापाशी फिरकली नाही. सार्वजनिक नळावरून घागरी तेवढ्या आणत राहिली.

साडू लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाले. नवं उत्तर पुरं होईतो एका तरुण प्राध्यापकानं तीच समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवून छापली होती. दोन्ही उत्तरं जुळली, याचा साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे वाटले. पेढा घेणाऱ्यांना कारण कळलं नाही. पण मला आठवते ती त्या तिसऱ्या दिवसाची सकाळ. अक्कानं घागर उतरवली, पदराला हात पुसले आणि यंत्रासमोर बसली.

"अवं, किती दशांश म्हणलाव?"

"आठ."

"मग या वहीत मावायचे न्हाईत," ती म्हणाली. "रुंद पानाची आणा जावा."

त्या सकाळी वही आणायला निघालेले साडू कुलूप बघायला परतले नाहीत. घरात ती होती.