मास्तरांचं अर्धं ताट

माझ्या सासऱ्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणायचा, आणि मास्तर त्या रस्त्यावरच्या एकाही माणसावर विश्वास ठेवायचे नाहीत. गिऱ्हाईक छाती पुढे काढून सांगायचं, "कंबर बत्तीस." मास्तर मान डोलवायचे आणि टेप लावून छत्तीस लिहायचे. दुकानदाराने मोजून दिलेलं कापड ते पुन्हा मोजायचे. मी शिवलेलं प्रत्येक बटण ओढून बघायचे. आठ वर्षं मी त्यांच्या दुकानात काज-बटणं केली, आणि आठ वर्षांत एकही बटण त्यांनी ओढल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. मला राग यायचा. राग येण्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्यांच्या हातचा कोट घातला की पोक आलेला माणूसही ताठ दिसायचा, आणि त्या दुकानात बसायला मला मनापासून आवडायचं.

घर दुकानाच्या वरच. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे. नवरा विजेची मीटरं वाचत दिवसभर जिने चढणारा, घरी आला की पाय वर करून गप्प बसणारा. नणंद, म्हणजे ताई, दोन बसच्या अंतरावर राहायची आणि फोनवरून घर चालवायची.

एका सकाळी मास्तरांचं डोकं ठणकायला लागलं. हातातला पेला पडून फुटला. ते दिवसभर झोपून राहिले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे जिना उतरून कात्री घेऊन उभे राहिले. थकवा असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तीन-चार दिवसांनी जेवताना त्यांनी ताटातून मान वर काढली.

"अर्धंच वाढलंस."

मी बघितलं. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ. डाव्या बाजूला भात, बटाटे, माशाचा तुकडा, सगळं जसंच्या तसं.

"आहे की अजून ताटात, बाबा."

त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला चळ लागलाय असं वाटतं तुला?"

त्यानंतर हे रोजचं झालं. ते अर्धं ताट संपवायचे, अर्धं तसंच ठेवायचे, आणि गिऱ्हाइकांना सांगायचे की सून पोटभर वाढत नाही. चहाचा कप डावीकडे ठेवला तर चहा दिलाच नाही म्हणायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटलं, हा माणूस नाटक करतोय. अन्न मुद्दाम ठेवायचं आणि बोभाटा करायचा, म्हणजे सून आपणच कंटाळून घर सोडेल आणि दुकान ताईच्या नावावर करायला मोकळं. माझ्याही डोक्यात संशयाने बिऱ्हाड केलं होतं हे कबूल करते. आठ वर्षं एका दुकानात बसून दुसरं काय शिकणार?

नवऱ्याला मी उरलेलं ताट दाखवलं. तो म्हणाला, "अगं, पण बाबा असं कशाला करतील?" मी म्हटलं, "तेच मी विचारतेय." त्याने ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. पण तो माझ्याकडे दुसऱ्याच नजरेने बघायला लागला, ते मला कळलं, आणि ते मला फार लागलं.

मग ताई आली. तीन दिवस राहिली, डोळ्यांत तेल घालून बसली. वाढताना बघायची, जेवताना बघायची. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू वाढतेस बरोबर. ते मी पाहिलं."

"पाहिलंत ना?"

"पण ते अर्ध्यावर हात आवरतात. का? तुझ्या हातचं खायची भीती वाटते त्यांना. काय केलंयस तू?"

आधी मी कंजूष होते, आता विष घालणारी झाले. मला रडू आलं नाही, त्याचाही तिने अर्थ काढला असणार.

मीच म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. रस्त्याच्या टोकाला डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे चौघं गेलो. त्यांनी डोळे तपासले, दोन्ही हातांची पकड बघितली, चालायला लावलं. सगळं उत्तम. शेवटी त्यांनी कागदावर एक आडवी लांब रेघ ओढली आणि पेन्सिल पुढे केली. "याच्या बरोबर मध्ये खूण करा."

मास्तरांनी कागद उचलला. रेघेच्या एका टोकावर दुसरं टोक बोटांनी चाचपून बसवलं, कागदाची घडी घातली, नखाने दाबली आणि घडीवर खूण केली. शिंपी मध्य कधी डोळ्याने काढत नाही. कापड दुहेरी करतो, घडीवर खडू लावतो, आणि एकदाच कापून दोन्ही बाजू मिळवतो. पन्नास वर्षांची सवय.

डॉक्टर हसले. "कारागीर आहात! केसभरही चूक नाही." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मेंदूबिंदू ठणठणीत आहे. घरात काही कटकट आहे का?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी ठरलं. येत्या रविवारी ताई बाबांना आपल्या घरी नेणार, दुकानाला कुलूप लागणार. माझं काम गेलं असतं, त्याचं दुःख होतंच. पण खरी भीती वेगळी होती. ते एकदा त्या जिन्यावरून उतरले असते की मी जन्मभर सासऱ्याला उपाशी ठेवणारी बाई ठरले असते, आणि नवऱ्याने तोंडाने काही न म्हणता ते मनात धरून ठेवलं असतं. हातात सहा दिवस होते.

चौथ्या दिवशी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक गिऱ्हाईक कोटाचं बघायला आला. मोठ्या चौकडीचं कापड त्याने आधीच आणून दिलं होतं. मास्तरांनी ते हातातून सरकवत टेपवर मोजलं होतं आणि स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, तीन मीटर. आता चौकडीचं कापड दुहेरी करून कापता येत नाही, खालच्या थराची चौकट सरकते. ते एकेरी पसरावं लागतं. म्हणजे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मास्तरांनी घडी न घालता कापड टेबलावर टाकलं.

टेबलाच्या उजव्या अंगाला त्यांनी खडूने पाठ आखली, पुढचा एक भाग आखला, आणि थांबले. टेप लावला. पुन्हा लावला. कपाळाला आठ्या.

"कापड कमी आहे."

"तीन मीटर दिलंय, मास्तर," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"दीड आहे. चिठ्ठीवर तीन, टेबलावर दीड." ते माझ्याकडे वळले. "अर्धं कुठे गेलं?"

अर्धं कापड त्यांच्या डाव्या कोपरापाशी होतं. टेबलभर पसरून खाली लोंबत होतं. ट्रम्पेटवाला आधी हसला, मग मास्तरांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

मी तोंड उघडलं ते भांडायलाच. आणि तसंच उघडं राहिलं. मास्तर मला बदनाम करतील, मुलाला माझ्याविरुद्ध फितवतील, हे मी मानायला तयार होते. पण गिऱ्हाइकासमोर स्वतःचं हसं करून घेतील? टेबलावर पडलेलं कापड नाही म्हणतील? एका गिऱ्हाइकाची बाही अर्ध्या बोटाने चुकली म्हणून दोन दिवस न जेवलेला माणूस हा. नाटक करायला त्याच्याकडे इतर हजार जागा होत्या, ही नव्हती.

मी पुढे झाले, लोंबतं टोक धरलं आणि सगळं कापड ओढून त्यांच्या उजव्या हाताला आणलं.

ते दचकले. "हे कुठून आणलंस?"

"इथूनच, बाबा."

"कुठे लपवलं होतंस?"

मला राग यायला हवा होता. माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, बहुतेक महिन्याभरात पहिल्यांदाच. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर पांढरे खुंट. आम्ही म्हणत होतो, वय झालं की माणूस गबाळा होतो.

रविवारी ताई आली तेव्हा बॅग भरलेली होती. मी म्हटलं, जेवून जा. सगळ्यांना वाढलं. मास्तरांनी उजवीकडचं संपवलं, चमचा ठेवला आणि लेकीकडे बघून म्हणाले, "बघितलंस? शेवटच्या दिवशीसुद्धा."

मी उठून त्यांच्यासमोरचं ताट अर्धं फिरवलं. बस, तेवढंच.

मास्तरांनी ताटात बघितलं. भात होता, भाजी होती. ते भुकेलेले होते हो. त्यांनी मान खाली घातली आणि भराभर जेवायला लागले. मध्येच थांबून म्हणाले, "ताई समोर आहे म्हणून वाढलंस." ताईच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघू दे जरा, म्हटलं.

ताईकडे जायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी घडीची गोष्ट सांगितली. त्या खुर्चीतून पुढे सरकल्या. भिंतीवर पांढरा फळा होता, त्यावर त्यांनी हातभर रेघ ओढली. फळ्याची घडी घालता येत नाही. मास्तरांनी बराच वेळ बघून आत्मविश्वासाने खूण केली, अगदी उजव्या टोकाशी.

मग डोक्याचा फोटो काढला. उजव्या बाजूला, मागच्या अंगाला एक डाग होता. बाई म्हणाल्या, त्या सकाळी तिथे रक्त पोचलं नाही आणि तेवढा तुकडा मेला. डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहेत. डावीकडच्या जगाकडे लक्ष द्यायचं काम त्या तुकड्याचं होतं.

"म्हणजे डावीकडे त्यांना अंधार दिसतो?" नवऱ्याने विचारलं.

"अंधार दिसला असता तर त्यांनीच तक्रार केली असती. तुमच्या पाठीमागे आत्ता काय आहे ते तुम्हाला काळं दिसतंय का? नाही ना. ते नाहीच तुमच्यासाठी. तसं त्यांचं डावीकडचं आहे. त्यांना ताट पूर्णच दिसतं, अन्न तेवढं कमी असतं."

"आणि हा संशय? तोही त्या डागामुळेच?" हे मी विचारलं.

"आधी नव्हता का संशयी स्वभाव?"

आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "होता."

बाई हसल्या. "मग तो त्यांचा स्वतःचा. ताट संपलंय, पोट भरलेलं नाही, वाढणारी एकच. कुणीही काहीतरी कारण शोधणारच." पुढे म्हणाल्या की काहींचं हळूहळू सुधारतं, मान डावीकडे वळवायची सवय लावा, पण त्यांना सांगून पटेल अशी आशा धरू नका. ज्या भागाने चूक ओळखायची तोच गेलाय.

ताईने माफी मागितली नाही. पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि "पी आधी" म्हणाली. मी प्यायले. पण मनातलं सगळं निवळलं असं काही मी म्हणणार नाही.

मास्तर हे सगळं शेजारी बसून ऐकत होते. बाहेर पडताना म्हणाले, "सगळे मिळालेले आहात तुम्ही. ती डॉक्टरीणसुद्धा." माझं नाव धुऊन निघालं होतं, पण ज्याने डाग लावला त्याच्या लेखी मी होते तिथेच होते. डॉक्टरणीचं कौतुक करत बसले होते नवरा आणि ताई, आणि मला वाटत होतं, कशाला धरून आनंद मानायचा?

ते दोघं औषधं घ्यायला मागे थांबले. मी आणि मास्तर दवाखान्याच्या फाटकाबाहेर आलो. समोरचा रस्ता एकेरी आहे, वाहतूक सगळी डावीकडून येते.

"चल, मोकळा आहे," म्हणत त्यांनी पाय खाली टाकला.

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकला. "हात लावू नकोस. आंधळा नाही मी."

"बाबा, ट्रक येतोय."

"कुठे?"

"डावीकडून."

त्यांनी बघितलं. मान जेमतेम सरळ झाली आणि नजर पुन्हा उजवीकडे गेली. "नाहीये. मला स्वच्छ दिसतंय, काही नाहीये."

"मला दिसतोय, बाबा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी काही समजावलं नाही, हात जोडले नाहीत, पुन्हा दंडही धरला नाही. ते चुळबुळले. मग टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला.

ट्रक अगदी नाकासमोरून गेला तेव्हा तो त्यांना दिसला. शर्टाची बाही फडफडली. ते भिंतीला टेकले आणि जरा वेळाने खालीच बघत म्हणाले, "अजून काही आहे?"

"बस आहे. तिच्यामागे दोन गाड्या."

"बरं."

त्यांच्या लेखी समोर अख्खा रस्ता रिकामा होता. तरी मी 'चला' म्हणेपर्यंत ते थांबून राहिले.